सही केली, मंग अट कुठं गेली? ॲनिमेशन पिक्चरमधले जादूचे सौदे अन् त्यातले प्लॉट होल

दारव्ह्याचा_वाचक

राम राम मंडळी. विषय पोट्ट्याईचा वाटन, पण मी पूर्ण मनापासून लिहून रायलो. ॲनिमेशन पिक्चरमध्ये जादूगारीण, राक्षस, जिन्न यायच्यासंगं सौदा होते, हे घे ते दे, अमक्या वेळेपर्यंत झालं तं ठीक नाहीतर तू माझा. अन् शेवटी तो सौदा कसा सुटते ते पाहिलं का बऱ्याच वेळा वाटते, अरे ही अट तुम्हीच बोलले होते ना, तिचं काय झालं मंग?

सगळ्याईले माहीत असलेलं घ्या. 'द लिटल मर्मेड', 1989 चा. जलपरी एरियल आपला आवाज समुद्रातल्या जादूगारीण अर्सुलाले देते, बदल्यात तीन दिवस माणसाचे पाय. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत राजपुत्र एरिकनं खऱ्या प्रेमाचा किस केला पाहिजे, नाहीतर एरियल अर्सुलाच्या ताब्यात. सोनेरी कागदावर एरियल सही करते अन् ती सही पडद्यावर स्वच्छ वाचता येते. आता इथं सगळे एकच प्रश्न विचारतात, आमच्या गावच्या वाचनालयात भिंतीवर पिक्चर लावतो तिथं सातवीतल्या पोरीनंही तोच विचारला, का दादा हिले सही येते तं वाळूत लिहून काऊन नाही सांगत का मीच तुला वाचवलं? पण मले हा प्लॉट होल, म्हणजे कथेतलं भोक, वाटतच नाही. आपलं नाव लिहिता येणं वेगळं अन् चार ओळी लिहून समोरच्याले पटवणं वेगळं, त्यातही जमिनीवर येऊन तिले दोनच दिवस झालेले.

मले खरं भोक पुढं दिसते. बाप ट्रायटन त्या कागदावर त्रिशूळ चालवते, कागदाले काहीच होत नाही. अर्सुला तोंडानं सांगते का हा करार तोडता येत नाही, तुलेही नाही. म्हणून तो पोरीच्या जागी सोताची सही देते. इथपर्यंत एकदम कडक. अन् थोड्याच वेळात एरिक मोडक्या जहाजाचं टोक अर्सुलाच्या पोटात घुसवते, ती मरते अन् सगळेच्या सगळे मोकळे, ट्रायटन बी अन् तिनं तळाशी किडे करून रोवून ठेवलेले ते बिचारे जीव बी. मंग करार तुटला का पूर्ण झाला? अट तं एरियल हरली होती, सूर्य बुडाला होता. समोरचा मेला का सौदा मेला हे कधी ठरलं?

पळवाट शोधली म्हणून मी प्लॉट होल म्हणत नाही, पळवाटीतच तं सगळी मजा आहे. पिक्चरनं स्वतः बोललेली अट स्वतःच विसरली तं तो प्लॉट होल. तुमच्या ध्यानात असतीन ते सांगा.

पुसदची_वकील

दादा, मला हा धागा फार आवडला. मी कोर्टात रोज करारच वाचते त्यामुळे अर्सुलाचा कागद मी कितीतरी वेळा मनात चाळलाय. आपल्या 1872 च्या करार कायद्यानं बघितलं तर पहिल्या पानावरच तो पडतो. एरियल बापाला स्वतःच म्हणते की मी सोळा वर्षांची आहे. कलम 11 प्रमाणे करार करणारा सज्ञान पाहिजे, म्हणजे आपल्याकडे 18 पूर्ण. 1903 ला प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हाचं सर्वात वरचं अपील कोर्ट) मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की अज्ञानाचा, म्हणजे सज्ञान नसलेल्याचा करार मुळातच शून्य, तिथे तर मुलानं सावकाराला मालमत्ता गहाण दिली होती आणि सावकाराच्या माणसाला त्याचं वय माहीत होतं, तरी गहाणखत टिकलं नाही.

समुद्राच्या तळाशी आपला कायदा चालत नाही हे कबूल, पण वय सोडा, मला जास्त खटकतं ते दुसरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नावेत एरिक अगदी किस करणारच असतो तेव्हा अर्सुलाच्या दोन वामी (सापासारखे मासे) नाव उलटवतात. मग ती स्वतः व्हॅनेसा नावाची मुलगी बनून, एरियलचाच आवाज वापरून एरिकला भूल घालते. म्हणजे अट पूर्ण होऊ नये म्हणून अट घालणारीच आडवी येते. आपल्या कायद्यात कलम 53 यासाठीच आहे, एका बाजूनं दुसऱ्याला वचन पाळू दिलं नाही तर अडवलेल्या बाजूला तो करार रद्द करता येतो. ही गोष्ट लहान मुलालाही कळते, कायदा माहीत नसला तरी. पण पिक्चरमध्ये एकही पात्र हा मुद्दा काढत नाही! ट्रायटन समुद्राचा राजा आहे, त्याच्या दरबारात हे बोलणारं कोणी नाही? त्यानं नुसतं विचारलं असतं की तू मध्ये का पडलीस, तरी तो सीन कुठल्या कुठे गेला असता.

दारव्ह्याचा_वाचक

ताई एकदम बरोबर. अन् आपल्याले वामी दाखवल्या आहेत, लपवल्या नाहीत, म्हणजे बनवणाऱ्याले माहीत होतं का ही लबाडी आहे. मंग ती लबाडी शेवटी कामी आली पाहिजे होती, भाल्यासारखं टोक नाही.

झाडीचा_रसिक

आमच्याकडं धानाचा हंगाम झाला का नाटकं सुरू होतात, वडसा हे त्याचं मोठं ठिकाण, रात्रभर बसतात लोक शालीत गुंडाळून. अन् तिथला प्रेक्षक पहिल्या अंकात कोणी काय शब्द दिला ते पहाटेपर्यंत विसरत नाही, नट विसरला तर खालून आवाज येतो. म्हणून मला हा विषय जवळचा.

सौदा कसा लिहावा हे आपल्याकडं फार आधी लिहून ठेवलं आहे. सावित्री अन् यम. महाभारतातलं वनपर्व वाचा, नुसती वडाची पूजा माहीत असलेल्यांनी तर जरूर वाचा. यम दरवेळी म्हणतो वर माग, पण सत्यवानाचा जीव सोडून. ती सासऱ्याची दृष्टी मागते, मग सासऱ्याचं राज्य, मग बापाला शंभर पुत्र. चौथ्यांदा मागते की सत्यवानापासून मला शंभर पुत्र होवोत, अन् यम हो म्हणून जातो. आणि पाचव्यांदा तो वर देताना 'सत्यवानाचा जीव सोडून' हे शब्द बोलतच नाही! ती तिथंच पकडते. म्हणते आता अट घातली नाहीत, अन् चौथा वर तर नवऱ्याशिवाय खरा होणार नाही, तुमचाच शब्द खोटा पडेल. यमाला सोडावंच लागतं. कोणाला मारायची गरज पडली नाही, जादू लागली नाही, समोरच्यानं काय बोललं काय नाही एवढ्यावर नीट ध्यान दिलं.

उलट्या बाजूनं हिरण्यकशिपू पाहा. दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही, माणूस नाही पशू नाही. नरसिंह एक एक अट पाळत येतो, संध्याकाळ, उंबरठा, मांडीवर, नखांनी. वराचा एक शब्द मोडत नाही. मला वाटते हीच कसोटी लावावी या पिक्चरांना.

नेर_परसोपंत

झाडीभाऊ या कसोटीवर मले एक पिक्चर पास वाटते अन् लोक त्याले कमी मोजतात, 'हर्क्युलिस' 1997. आधी एक सांगतो, मर्मेड, 'अलादीन' (1992), 'हर्क्युलिस' अन् 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (2009) हे चारही पिक्चर रॉन क्लेमेंट्स अन् जॉन मस्कर या एकाच जोडीनं दिग्दर्शित केले अन् चारहीत सौदा आहे, म्हणून एका पाठी एक पाहिले का कळते का सौद्याची गाठ कशी घट्ट होत गेली.

हर्क्युलिसमध्ये पाताळाचा देव हेडीस म्हणते का तू एक दिवस तुझी ताकद दे अन् मेगले (हर्क्युलिसचं जिच्यावर प्रेम आहे ती) सोडतो. हर्क्युलिस लगेच हो नाही म्हणत, तो म्हणते मेगले काही इजा झाली नाही पाहिजे. हेडीस घाईत असते, म्हणते ठीक आहे, तिले काही झालं तं तुझी ताकद तुले वापस. बस! एवढंसं बोलणं, दोन सेकंदात निघून जाते. अन् पुढं खांब पडतो, मेग हर्क्युलिसले ढकलून सोता खाली येते, तिले लागते, अन् त्याच क्षणी ताकद वापस. कोणीच नियम वाकवला नाही. मेग स्वतः सांगते का हेडीसचा शब्द मोडला. मी पहिल्यांदा पाहिला तवा टाळीच वाजवली होती.

धारणीची_बाई

नेरभाऊ, पण तिथे एक शंका आहेच. मेग स्वतःहून खांबाखाली आली. हेडीसनं तिला काही केलं नाही. मग त्याचा शब्द कसा मोडला?

वरुडचा_संत्रेवाला

बाई तो मुद्दा आमच्याकडं दरवर्षी निघते म्हणून मी सांगतो. आमच्या भागात झाडावरचा संत्रा उक्ता विकते, व्यापारी बगीचा पाहते, बोली होते, इसार देते अन् तोडीले नंतर येते. मधात गारपीट झाली, फळगळ झाली, तं नुकसान कोणाचं? आधी बोललं असलं तं भांडण नाही. नाही बोललं तं व्यापारी म्हणते माल खराब आहे, शेतकरी म्हणते इसार घेतला तेव्हाच माल तुझा झाला. एका वर्षी माझ्या बगीच्यात असंच झालं, गारा कोणी पाडल्या हे कोणी विचारत नाही जी, नुकसान कोणाकडं जाईन एवढंच विचारतात. तसंच हर्क्युलिसनं 'हेडीसनं इजा करू नये' असं नाही मागितलं, 'मेगले इजा होऊ नये' असं मागितलं. कोणाच्या हातानं झाली ते सौद्यात नव्हतंच. हेडीसनं ऐकून हो म्हटलं. त्यानं विचार करायचा होता हो म्हणायच्या आधी.

धारणीची_बाई

पटलं. आता अलादीनचं सांगते, कारण शाळेत मुलांना मी हाच पिक्चर दाखवून चर्चा घेते आणि मुलं यात अडकतातच. गुहेत अलादीन दिव्यातल्या जिनीला नुसतं चिडवतो, तुझ्यानं आम्हाला बाहेर काढणं होणार नाही म्हणतो, जिनी जोशात येऊन सगळ्यांना बाहेर काढतो. नंतर अलादीन म्हणतो मी तर इच्छा म्हणून काही बोललोच नव्हतो, म्हणजे माझ्या तिन्ही शाबूत. जिनी मान्य करतो, फक्त सांगतो की इथून पुढे फुकट काही नाही. म्हणजे नियम काय ठरला? तोंडानं बोललं तरच इच्छा.

आणि समुद्रात? हातपाय बांधून अलादीनला बुडवलंय, दिवा कसाबसा हाताला घासतो, जिनी येतो तोवर हा बेशुद्ध. जिनी म्हणतो तू बोलल्याशिवाय मला काही करता येत नाही. मग स्वतःच त्याचं डोकं धरून हलवतो आणि ते होकार म्हणून धरतो, आणि दुसरी इच्छा खर्ची पडते! जिनीनं त्याला वाचवलं याचा मला आनंदच आहे, मुलंही तिथे श्वास रोखून बसतात. पण नियम तर त्यानंच नुकताच सांगितला होता.

नेर_परसोपंत

बाई ते मले भोक नाही वाटत, तिथं जिनी बदलून रायला. गुहेत तो मालक-नोकर हिशोबानं वागते, समुद्रात दोस्त म्हणून. नियम मोडण्यात फायदा जिनीचा नाही, इच्छा कमी झाली ती अलादीनची अन् जीव वाचला तो बी अलादीनचा.

मले अलादीनमधी खटकते ते शेवटी. पहिली इच्छा 'मला प्रिन्स बनव' अशी होती. दुष्ट वजीर जाफरनं जादूनं त्याचे कपडे उतरवले, त्याचं सोंग उघडं पाडलं. पण इच्छा रद्द कुठं झाली? कपडे म्हणजे राजपुत्रपण होते का? शेवटी जिनी म्हणते तिसरी इच्छा वापरून परत प्रिन्स हो, म्हणजे पहिली इच्छा वाया गेली असंच ते धरून चालतात. हे कोणीच समजावून नाही सांगितलं. सुलतान तिथंच कायदा बदलून टाकते, राजकन्येनं वाटेल त्याच्यासंगं लग्न करावं, म्हणून प्रश्न दबून जाते, पण प्रश्न आहेच.

तिवस्याचा_निशाचर

कोणी श्रेकचा चौथा भाग पाहिला का, 2010 चा? सौदे करणारा लबाड रंपलस्टिल्टस्किन श्रेकले म्हणते तुले एक दिवस जुन्यासारखा मोकळा ओगर (राक्षस) बनवतो, बदल्यात तुझ्या लहानपणचा असा एक दिवस दे जो तुले आठवत बी नाही. श्रेक सही करते. अन् तो घेते श्रेक जन्मला तोच दिवस! म्हणजे आता श्रेक कधी जन्मलाच नाही, दिवस संपला का तो विरून जाणार. डाव जबरदस्त आहे हे मानावं लागते. पण भाऊ, जो जन्मलाच नाही त्यानं सही केली कशी? सही नाही तं सौदा नाही, सौदा नाही तं दिवस दिला नाही, दिवस दिला नाही तं तो जन्मला. मी रात्री ओलिताले गेलो का हाच विचार करतो, डोस्कं फिरते.

पुसदची_वकील

निशाचर दादा, त्या पिक्चरनं त्याची तरतूद केलीय बघा. तो चालू दिवस सौद्यातला दिवस आहे, श्रेकनं विकत घेतलेला. तो संपेपर्यंत श्रेक त्या दिवसात आहे, दिवस संपला की नाही. म्हणून तर तो लगेच गायब होत नाही. आणि मला त्याचं बाहेर पडण्याचं कलम फार आवडतं, कागदातच लपवलेलं, श्रेकचा दोस्त डाँकी गाढव कागदाला घड्या घालून वाचतो तेव्हा निघतं, खऱ्या प्रेमाचा किस. श्रेक धावत जाऊन बायको फिओनाला किस करतो आणि काही होत नाही! कारण या जगातली फिओना त्याला ओळखत नाही, तिचं प्रेमच नाही. अटीतला प्रत्येक शब्द मोजला. मर्मेडला जे जमलं नाही ते इथे जमलं.

दारव्ह्याचा_वाचक

'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' पण यात पक्का बसते. बेडूक झालेल्या राजपुत्र नवीनले राजकन्येनं किस केला तं तो माणूस होणार. टियाना राजकन्या नाही, वेट्रेस आहे, म्हणून तिनं किस केल्यावर तीच बेडूक झाली. तिची मैत्रीण शार्लट ही मार्डी ग्रा या उत्सवाची राजकन्या, पण फक्त मध्यरात्रीपर्यंत, अन् तिचा किस घड्याळाचे टोल पडल्यावर होते म्हणून फुकट जाते. अन् शेवटी नवीन टियानासंगं लग्न करते, राजपुत्राची बायको म्हणजे राजकन्या, अन् किस केल्याबरोबर दोघं माणूस. सगळं आधी बोललेलं. अन् नवीनले बेडूक करणारा जादूगार फॅसिलिअर, त्याचा पलीकडच्या सावल्यासंगं जो उधारीचा व्यवहार होता, ताईत फुटल्यावर त्या येऊन त्याले घेऊन जातात, कोणी दया नाही दाखवत. मर्मेडपासून 20 वर्षांनी त्याच दोघाईनं हे केलं, हे पाहून मले खरंच बरं वाटते.

'ब्रेव्ह' (2012) बद्दल एकच बोलतो. राजकन्या मेरिडानं जादूगारणीले लॉकेट देऊन एक मंत्र विकत घेतला, केक आईसाठी, तो खाऊन आई अस्वल झाली. तिच्या तीन बारक्या भावाईनं उरलेला केक खाल्ला अन् तेही अस्वल झाले. सुटायची अट फाटलेलं जोडायची, अन् फाटलेलं होतं ते आई-पोरीतलं, भाऊ कसे सुटले मंग?

झाडीचा_रसिक

त्यांनी केक तोच खाल्ला ना, मंत्र एकच. सुटला तो सगळ्यांसाठी सुटला. मला चालते.

पण 'स्पिरिटेड अवे' (2001) वर कोणीतरी बोला. चिहिरोचे आईबाप डुक्कर झालेले, अन् शेवटी जादूगारीण युबाबा डुकरं उभी करते, यातले तुझे आईबाप ओळख, नाहीतर इथंच राहायचं. चिहिरो पाहते अन् म्हणते यात नाहीत. तिला कसं कळलं? पिक्चर सांगत नाही.

धारणीची_बाई

ते मी प्लॉट होल मानत नाही. सौद्याची अट ओळखणं ही होती, कसं ओळखलं ते सांगणं नाही. आणि दिग्दर्शक मियाझाकीनं अटींची काळजी आधीपासून घेतलीय. युबाबानं शपथ घेतलेली असते की जो काम मागेल त्याला काम द्यायचं, म्हणून तिथलाच हाकू नावाचा मुलगा आधीच चिहिरोला बजावतो की काहीही झालं तरी काम माग, दुसरं काही बोलू नको. युबाबा ओरडते, घाबरवते, तरी पोरगी एकच वाक्य धरून ठेवते. शेवटी युबाबालाच कागद द्यावा लागतो. मग ती सहीतली अक्षरं उचलून नाव काढून घेते. आणि शेवटी उत्तर बरोबर आल्यावर तो कागद तिच्या हातातच फुस्स होऊन नाहीसा होतो, आपल्या डोळ्यांसमोर. सौदा संपला हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे, ते दिसतं.

नेर_परसोपंत

यावरून मर्मेडची बाजू घेऊन एक बोलतो, कारण मले तो पिक्चर लय प्रिय आहे. ट्रायटन त्रिशूळ चालवते तवा कागद अर्सुलाच्या हातात असते. तडाख्यानं ती मागं फेकल्या जाते पण कागदाले ओरखडा नाही. म्हणजे तो करार तिची ढाल होता असं समजा. शेवटच्या मारामारीत तिच्याजवळ कागद नाही, त्रिशूळ अन् मुकुट आहे. म्हणून जहाजाचं टोक लागलं.

दारव्ह्याचा_वाचक

वा, हे मस्त काढलं. पण असं असलं तं ट्रायटनले तवाच सुचायले पाहिजे होतं, कागदाले मारत बसण्यापेक्षा तिलेच आजूबाजूनं घेरायचं, समुद्राचं सैन्य त्याचं. अन् ती मेल्यावर सौदे सुटतात हे जर कोणालेही माहीत असतं तं ते रोवलेले जीव इतकी वर्षं तिच्या दारात राहिले नसते, कोणी ना कोणी नातेवाईक आलाच असता. म्हणून म्हणतो, एक वाक्य पाहिजे होतं आधी, फक्त एक. हेडीसच्या तोंडी दिलं तसं. तो सोनेरी कागद शेवटी कुठं गेला हे बी नाही दाखवलं.

तिवस्याचा_निशाचर

मियाझाकीचं नाव निघालं तं 'हाउल्स मूव्हिंग कासल' (2004) चं बी सांगतो, याचं उत्तर मले कुठंच नाही भेटलं. पहिल्याच रात्री चुलीतला आगीचा राक्षस कॅल्सिफर शापानं म्हातारी झालेल्या सोफीले म्हणते, तू माझा अन् जादूगार हाउलचा करार तोड, मी तुझा शाप सोडवतो. सोफी आपला शब्द पुरा करते, हाउलचं हृदय त्याच्या छातीत वापस ठेवते, कॅल्सिफर मोकळा. पण कॅल्सिफरनं सोफीचा शाप सोडवला कुठं? ती झोपेत तरुण दिसते, मनापासून बोलली का तरुण दिसते, शेवटी तरुणच आहे, फक्त केस पांढरे. हे सगळं कॅल्सिफर मोकळा व्हायच्या आधीपासून चालू आहे. त्याचा अर्धा हिस्सा बाकीच राहिला ना भाऊ?

पुसदची_वकील

मी असं वाचते की शाप तिचा तिनंच सोडवला, थोडा थोडा करून. पण मग कॅल्सिफरकडचं वचन बिनमोबदल्याचं राहिलं हे खरंच, आणि पिक्चर त्यावर काहीच बोलत नाही. दारव्ह्याच्या दादांच्या व्याख्येत हा पक्का बसतो.

दारव्ह्याचा_वाचक

बसते. यादीत टाकला, मर्मेडच्या खाली. सोफीचा शाप नेमका कोणत्या सीनले सुटते असं कोणाले वाटत असन तं तो सीन सांगा, मी तिथून पिक्चर परत लावून पाहतो.